माळ्यावरची कढई

रविवार, १३ जुलै

नागलीला बुरा आला. थोडीथोडकी नाही, दोन किलो. बुधवारी रात्री भिजत घातली, गुरुवारी उपसून ओल्या पंचात बांधली, शुक्रवारी संध्याकाळी गाठ सोडली तर लाल दाण्यांना टाचणीच्या टोकाएवढे पांढरे मोड. इतका आनंद झाला की फोटो काढला. मग हॉलमध्ये जुनं धोतर अंथरून पंख्याखाली पसरली. बाहेर चार दिवस ऊन नाही, पंखा नुसता ओल इकडची तिकडे करत होता. आज सकाळी उठले तर आंबूस वास आणि दाण्यांवर करडी लव. सगळी कचऱ्यात.

सासूबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "आषाढात कोण सत्त्व करतं गं? हे चैत्र-वैशाखाचं काम. कुरडया-पापडांच्या जोडीचं."

"मग परवाच का नाही सांगितलंत?"

"तू कुठे विचारलंस? तू मोबाइलवर बघून करत होतीस."

खरं होतं. गप्प बसले.

सत्त्वाची एवढी घाई होती ती सोमवारच्या रिपोर्टमुळे. मनू सव्वादोन वर्षांची आहे, हिमोग्लोबिन ८.९. या वयात ११ तरी हवं. महिन्याभरापूर्वी गॅलरीतल्या कुंडीतली माती खाताना सापडली. ओरडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग बेडरूमच्या भिंतीचा पोपडा नखाने काढून चाटत होती. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, अंगात काही कमी असलं की पोर माती खातं, दाखवून आण. मी म्हटलं, आई, सगळीच मुलं खातात. आमच्या बँकेत काउंटरवर जशी मी ठामपणे "सिस्टीम स्लो आहे" म्हणते, तशाच ठामपणे.

डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि विचारलं, "खाते काय ही?"

या प्रश्नाचीच तर मी दोन वर्षं वाट बघत होते. सुरू झाले. घरात बिस्किटाचा पुडा येत नाही. नूडल्स नाहीत, खोक्यातला ज्यूस नाही, कुरकुरीत पिवळं काहीही नाही. सहा महिने पाण्याचा थेंबसुद्धा न देता अंगावरचं दूध. वर्षाची होईपर्यंत मध चाटवला नाही, बारशाला आत्याबाईंच्या हातातली वाटी काढून घेतली आणि त्या अजून त्याबद्दल बोलतात. दोन वर्षं वरून साखर नाही. मऊ भात, मुगाचं वरण, घरी कढवलेलं तूप, मेतकूट. उंची वाढवण्याची जाहिरात करणारी ती डब्यातली पावडर तर कधीच आणली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचं काही नाहीच. ती बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली होती. वर 'मी सांगत होतेच' असं लिहून.

हे सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "छान. आणि दूध?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे?"

मी बोटांवर मोजायला लागले. सकाळी उठल्यावर एक बाटली. दुपारी झोपताना एक. संध्याकाळी मी आल्यावर पेला. रात्री झोपताना बाटली, आणि पहाटे रडली तर अर्धी. मोजता मोजता माझाच आवाज खाली आला. दिवसाला जवळजवळ एक लिटर. म्हशीचं, डेअरीवरून पितळेच्या किटलीत आणलेलं, त्याच्या सायीचा मला केवढा अभिमान.

मग त्यांनी समजावून सांगितलं. दुधात लोह जवळपास नाहीच. वर दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिन बाकीच्या जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाहीत. आणि मुख्य म्हणजे एवढंसं पोट एक लिटर दुधाने भरल्यावर पोर जेवणार कधी? मनूला रोज साधारण आठ मिलिग्रॅम लोह लागतं. ती लिटरभर दूध पिऊन त्यातलं दीड-दोन मिलिग्रॅमही मिळवत नव्हती, आणि "जेवत नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे" म्हणून मी पुढची बाटली भरत होते.

अर्ध्या लिटरच्या आत आणा, म्हणाल्या. बाटली बंद, कपाने द्या. लोहाचे थेंब तीन महिने. मी विचारलं, नाचणी वाढवू का? (डॉक्टरांसमोर मी नाचणी म्हणते, घरात नागली. माझं माहेर चिपळूणचं, सासूबाईंचं नाशिककडच्या पेठचं. एकाच डब्याला दोन नावं.) त्या हसल्या. नागली चांगलीच आहे, पण ती कॅल्शियमसाठी. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुधाच्या तिप्पट. लोह मात्र चार-साडेचार मिलिग्रॅम, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. मोड काढले तर थोडं बरं.

एवढं ऐकूनही मी घरी येऊन दोन किलो नागली भिजत घातली. कारण काहीतरी कष्टाचं करायचंच होतं. बाटली भरायची नाही, यात कष्ट दिसत नाहीत.

रात्री मोबाइलवर आकडे बघत बसले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत देशात ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय, महाराष्ट्रात ६८.९. म्हणजे शंभरातली एकोणसत्तर. मनू त्यातली एक. थोडं हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

कचऱ्याची पिशवी खाली ठेवून आले. सासूबाई म्हणाल्या, "माझी कढई कुठे टाकलीस?"


मंगळवार, २२ जुलै

चार रात्री कुणी झोपलं नाही. पाचव्या रात्री ती झोपली, मी जागी.

बाटली सोडवायचं काम नवऱ्याने घेतलं, कारण मी जवळ गेले की ती माझ्या पदराशी झोंबून "दूदू, दूदू" करत राहते. पहिल्या रात्री दोन वाजता तो तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभा होता, पावसात. त्याआधी तोच म्हणायचा, "तुझ्या हातचं खाते ना, मग तूच भरव." आईच्या हाताचं कौतुक फार असतं आपल्याकडे. त्या कौतुकात बाकीचे हात मोकळे राहतात हे मला चौथ्या रात्री, त्याला उभ्या उभ्या पेंगताना बघून कळलं.

थेंब लिंबाच्या पाण्यातून देतोय. शी काळी होते, त्याने घाबरू नका असं आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी घाबरलेच. थेंब दातांना लागले की डाग पडतात म्हणून जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचे. मनूच्या बाबतीत मागची बाजू अशी काही नसतेच.

कढई सापडली. माळ्यावर, कुकरच्या जुन्या खोक्यात. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ती जड, काळीकुट्ट लोखंडी कढई मी वर टाकली होती आणि खाली नॉनस्टिक आली. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता अर्धी गंजलेली. त्यांनी स्वतः बसून चिंचेच्या कोळाने आणि काथ्याने घासली, चुलीवर ठेवावी तशी गॅसवर धूर निघेपर्यंत तापवली, तेलाचा हात फिरवला. दोनदा. तिसऱ्यांदा तिच्यात अळूचं फदफदं केलं, चिंच-गुळाचं. आंबट पदार्थात लोखंड जास्त उतरतं, हे डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. सासूबाईंचं शास्त्र वेगळं. त्यांच्या मते लोखंडातली भाजी 'अंगाला लागते'. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढली, नाहीतर काळी पडते. तरी थोडी काळपट झालीच, चवीला किंचित लोखंडी. मी नाक मुरडलं. मनूने बोट बुडवून चाटलं आणि परत बुडवलं.

आमच्या फ्रिजवर राहीबाई पोपेऱ्यांचं वर्तमानपत्रातलं कात्रण आहे, पद्मश्री मिळाली तेव्हाचं. सासूबाईंनी लावलंय. अकोले तालुक्यातलं कोंभाळणं म्हणजे त्यांच्या लेखी शेजारच, मधे फक्त डोंगर. राहीबाईंचा नातू आजारी पडला, त्यांना वाटलं हे फवारणीच्या भाज्यांनी झालं, आणि तिथून त्या गावठी बियाणं गोळा करायला लागल्या, ही गोष्ट सासूबाई कुणी पाहुणा आला की सांगतातच. आज कढई पुसून फडताळात ठेवताना मला म्हणाल्या, "तिने नातवासाठी गावाचं बी राखलं. तू निदान माझी कढई राख."

दोन दिवसांनी अमावस्या, मग श्रावण. आखाडाचे शेवटचे दिवस म्हणून आज कलेजी आणली. मनूसाठी तिखट न घालता, हळद-मीठ आणि थोडं आलं. दोन बोटांनी कुस्करून भातात कालवली, वरून लिंबू. सात घास. मी मोजले. श्रावणात आम्ही कुणी खाणार नाही, पण मनूला रोज अंडं द्यायचं असं ठरलंय. सासूबाईंनीच ठरवलं. देवाला त्या समजावतील म्हणे.


रविवार, २४ ऑगस्ट

शनिवारी पाळणाघरात एका मुलाचा वाढदिवस होता. मनूच्या पिशवीत नागलीच्या बिस्किटांचा पुडा आला. वर हिरवं पान, नागलीचं कणीस, हसरी आई. पूर्वीची मी तो पुडा दोन बोटांत धरून शेजाऱ्यांच्या मुलाला दिला असता. आज चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो, असा नियम आहे. मैदा पहिला. मग साखर. मग पाम तेल. नागली चौथ्या क्रमांकावर, कंसात ११ टक्के. कणसाचं चित्र मात्र शंभर टक्के.

सासूबाईंनी विचारलं काय लिहिलंय. वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग हे मैद्याचंच की." आणि एक तोंडात टाकून, "पण खुसखुशीत आहे."

मनूला अर्धं दिलं. तिने खाल्लं आणि गेली खेळायला. मी दोन वर्षं ज्या अर्ध्या बिस्किटाशी भांडत होते, ते तिला तेवढं महत्त्वाचं नव्हतंच. पुडा मात्र पुन्हा विकत आणणार नाही. तेवढा हट्ट ठेवलाय.

हट्टाचा हिशेब एकदा मांडायला हवा, कारण तो मांडला जात नाही. सकाळी साडेपाचला उठून भाकरी, भाजी, मनूचा डबा. रात्री कडधान्य भिजवणं, ताक लावणं. रविवारी मेतकुटाच्या डाळी एकेक करून भाजणं, हरभऱ्याची वेगळी, उडदाची वेगळी, मेथ्या सगळ्यात शेवटी आणि जेमतेम, नाहीतर कडू. माझ्याकडे सासूबाई आहेत, जवळच भाजीबाजार आहे, ठरलेला पगार आहे. आमच्या भांडी घासणाऱ्या मावशी सकाळी सहाला घर सोडतात, दुपारी दोनला परततात. त्यांचा नातू पाच रुपयांचा पुडा चहात बुडवून खातो. त्यांना मी एकदा 'घरचं द्या हो' म्हणाले होते. त्या फक्त "हो ताई" म्हणाल्या. आता आठवलं की कान गरम होतात. परवा त्यांना मनूचा रिपोर्ट सांगितला आणि म्हटलं, त्या चहाने पण लोह लागत नाही अंगाला, तेवढा चहा बंद करा, आणि अंगणवाडीत एकदा तपासून घ्या त्याला. या वेळी त्या थांबल्या, मनूचा तळहात हातात घेऊन बघितला. "हिचं पण कमी होतं?" दोनदा विचारलं. "तुमच्यात पण होतं?"

कालचा रिपोर्ट १०.४. अकरा नाही, पण डॉक्टरीणबाई खूश होत्या. थेंब चालूच ठेवायचे. जेवण म्हणाल तर मनू आता आमच्याबरोबर ताटावर बसते. बाजरीची भाकरी दुधात नाही, आमटीत कुस्करून. अर्धी तिच्या पोटात, पाव फरशीवर, उरलेली केसांत. पूर्वी मी मांडीवर घेऊन गोष्ट सांगत भरवायचे तेव्हा फरशी स्वच्छ असायची.

बुधवारी गणपती. नारळ आणून ठेवलेत. सासूबाई म्हणाल्या, यंदा उकड मनूला मळायला देऊ, तशीही चिखल करतेच.

संध्याकाळी ती बराच वेळ दिसली नाही म्हणून गॅलरीत गेले. सासूबाईंनी कुंडीत गावठी वाल लावलाय, त्याचा वेल जाळीवर चढलाय. मनू कुंडीशी उकिडवी बसून चमच्याने माती उकरत होती, स्वतःशीच काहीतरी बोलत. तोंड पुसलेलं, ओठ स्वच्छ.

तरी मी तिची मूठ उघडून बघितली.