धनुष्कोडी: रामेश्वरला जाणाऱ्या खान्देशकरांनो, इथे अर्धा दिवस काढा

आपल्याकडची मंडळी रामेश्वरला बावीस कुंडांचं स्नान आणि दर्शन आटोपतात, बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीला जाऊन चार फोटो काढतात आणि मदुराईची वाट धरतात. आमच्यासोबतच्या एका काकांनीही तिथे उतरताच विचारलं, "आठे देखाले काय शे?" काका, इथून माणसं लंकेला जायची, तेच बघायचं आहे.

रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल १९१४ मध्ये सुरू झाला आणि मद्रासच्या एग्मोर स्टेशनाहून निघालेली 'बोट मेल' ही रेल्वेगाडी थेट धनुष्कोडीच्या धक्क्याला लागू लागली. तिथून आगबोटीने लंकेतलं तलैमन्नार, पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. मधलं पाणी जेमतेम तीस किलोमीटर, म्हणजे जळगाव-भुसावळपेक्षा थोडंसंच जास्त.

पण हे पाणी ओलांडणाऱ्यांत साहेब आणि व्यापाऱ्यांपेक्षा मजूरच फार. एकोणिसाव्या शतकात मदुराई, रामनाड, तिरुनेलवेलीकडची दुष्काळाने गांजलेली माणसं कंगाणी, म्हणजे मुकादम, कॉफीच्या आणि नंतर चहाच्या मळ्यांवर न्यायचे. लंकेत मन्नारला उतरून ती जंगलातून पायी कँडीच्या डोंगरांत जायची; कॉलरा-हिवतापाने कित्येक वाटेतच गेली. ऊसतोडीला कुटुंबं उचलून नेणारे मुकादम आपणही बघतो, म्हणून हे वाचताना मला फार लागलं.

ऑक्टोबर १९६४ मध्ये भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि लंकेच्या पंतप्रधान सिरिमाव्हो बंदरनायके यांच्यात करार झाला. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राबलेल्या सव्वापाच लाख लोकांना भारतात परत घ्यायचं ठरलं. पुढे दोनच महिन्यांत, २२ डिसेंबरच्या रात्री, चक्रीवादळाने धनुष्कोडी बुडवलं. पांबनहून आलेली पॅसेंजर गाडी शंभरावर प्रवाशांसह समुद्रात गेली. गाव राहण्यास अयोग्य ठरलं आणि फेरी रामेश्वरहून सुटू लागली. १९८३ नंतर लंकेतल्या यादवीने तीही बंद पडली. मग निर्वासित रात्री मासेमारीच्या होड्यांतून यायचे. २०२२ मध्ये लंकेत महागाईने कहर केला, तेव्हाही काही कुटुंबं इथल्याच वाळूच्या बेटांवर उतरली होती.

आता जायचं कसं? जळगाव, भुसावळ किंवा नंदुरबारहून नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई. पुढची रामेश्वर गाडी वेगळ्या स्टेशनातून सुटते, तिकीट नीट बघा आणि मध्ये चार-पाच तास हाताशी ठेवा. एप्रिल २०२५ पासून नव्या पांबन पुलावरून गाडी थेट रामेश्वरपर्यंत जाते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या, ज्येष्ठांचे हाल वाचतात.

धनुष्कोडीला सकाळी लवकर निघा. संध्याकाळी आत सोडत नाहीत आणि दुपारी सावली मिळत नाही. पडक्या चर्चपाशी वाहन थांबवायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रिक्षावाले सरळ टोकाला नेतात. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. जवळ जाऊन पाहा, दगडात प्रवाळाची बारीक जाळी स्पष्ट दिसते. थोड्या अंतरावर रेल्वे स्टेशनचे अवशेष आहेत. अरिचलमुनै या शेवटच्या टोकाला मात्र पाण्यात उतरू नका, प्रवाह ओढून नेतो. मुलांचा हात सोडू नका.

आणि खरोखरच पलीकडे जायचं असेल तर रामेश्वरहून बोट नाही. तामिळनाडूतलं नागपट्टिणम ते उत्तर लंकेतलं कांकेसंतुरै ही प्रवासी फेरी २०२३ मध्ये सुरू झाली. पासपोर्ट लागतो, श्रीलंकेच्या प्रवेश परवान्याचे नियमही आधी तपासा. पावसाळी हवेत, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबर, ती बंद राहू शकते. तिकीट पक्कं झाल्याशिवाय पुढचं हॉटेल घेऊ नका.