वायरलेस ऑटो डोंगल: वाय-फाय मार्गी लागले, आता गाठ विजेशी

माझा डोंगल म्हणजे फोनवरचे अँड्रॉइड ऑटो, म्हणजे नकाशा आणि गाणी, केबलविना गाडीच्या पडद्यावर आणणारी घरगुती डबी. तिच्यातला रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू हा चिमुकला संगणक बाजूला ठेवून त्याचा मोठा भाऊ पाय फोर बसवल्यापासून गाणी अडखळणे पूर्णपणे थांबले आहे, ही चांगली बातमी आधी नोंदवतो, कारण पुढचा बहुतेक मजकूर डोकेदुखीचाच आहे. झिरो टू डब्ल्यूचे वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि त्याच पट्ट्यात फोनचे गाडीशी जोडलेले ब्लूटूथ, रस्त्याकडेच्या दुकानांतले राउटर आणि शेजारच्या गाड्यांमधले हॉटस्पॉट अशी सगळी गर्दी असते. त्यामुळे पुण्यात स्वारगेटच्या सिग्नलला थांबले की नकाशा गोठणार, हे ठरलेलेच होते. झिरोलाच पाच गिगाहर्ट्झचा यूएसबी वाय-फाय जोडावा, अशी सूचना काहींनी केली होती. परंतु त्याचे डेटासाठीचे एकमेव यूएसबी (ओटीजी) पोर्ट हेड युनिटपुढे, म्हणजे गाडीच्या पडद्याच्या यंत्रापुढे, फोन असल्याची बतावणी करण्यात गुंतलेले असते, त्यामुळे तो मार्ग मुळातच बंद आहे.

पाय फोरवर होस्टएपीडीमध्ये, म्हणजे पायला वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, देशाचा कोड भारताचा दिला आणि चॅनेल ३६ पक्का केला. चॅनेल आपोआप निवडू देऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ५२ ते ६४ आणि १०० च्या पुढचे मधले चॅनेल रडारसाठी राखून वापरायचे असल्यामुळे अ‍ॅक्सेस पॉइंटला तेथे आधी किमान ६० सेकंद नुसते ऐकत बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात आपण सोसायटीचे फाटक ओलांडून मुख्य रस्त्याला लागलेलो असतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा वाव परवानामुक्त केल्यापासून ३६ हा चॅनेल गाडीत वापरायला कोणतीही आडकाठी राहिलेली नाही. ब्लूटूथवरून फोनला नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड मिळतो, फोन वाय-फायवर येतो आणि पडदा उजळतो. हा सारा प्रकार आता इतका सुरळीत झाला आहे की पहिल्या दिवशी मी केवळ तो पाहण्यासाठी फोनचे ब्लूटूथ पुन्हा पुन्हा बंद-चालू करत होतो.

आनंद टिकला तो कात्रजच्या घाटापर्यंत. नकाशा एकाएकी थिजला, पडदा गाडीच्या मूळ मेन्यूवर परतला आणि थोड्या वेळाने डोंगल नव्याने सुरू होऊन पुन्हा जोडला गेला. त्यानंतर हे वारंवार होऊ लागले. गटातल्या बहुतेकांचा संशय होस्टएपीडीवर किंवा अ‍ॅक्सेसरी मोडच्या कर्नल पॅचवर (पायला यूएसबीवर फोनसारखे वागवणाऱ्या, प्रणालीच्या गाभ्यातल्या दुरुस्तीवर) होता, म्हणून प्रथम सॉफ्टवेअरची झडती घेतली. गूगलचे डेस्कटॉप हेड युनिट, म्हणजे गाडीच्या पडद्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, यूएसबी मोडमध्ये लॅपटॉपवर चालवले, डोंगल आखूड केबलने त्याला जोडला आणि संध्याकाळभर गाणी व नकाशा चालू ठेवला, तरी एकदाही खंड पडला नाही. ज्यांनी अद्याप हे साधन वापरलेले नाही, त्यांनी ते अवश्य वापरावे. उन्हात गाडीत बसून लॉग वाचण्यापेक्षा टेबलावर पंख्याखाली बसून वाचणे केव्हाही बरे. सॉफ्टवेअर निर्दोष, फोन तोच, डोंगलही तोच. म्हणजे फरक उरला तो गाडीचे पोर्ट आणि केबल यांचा.

मग गाडीतल्या लॉगमध्ये नेमके शोधले, तर पडदा जाण्याच्या आधी प्रत्येक वेळी कर्नलची ‘अंडरव्होल्टेज डिटेक्टेड’ (व्होल्टेज कमी पडले) ही ओळ उमटलेली दिसली. पायच्या दुसऱ्या (पाच व्होल्ट) आणि सहाव्या (ग्राउंड) पिनवर मल्टिमीटर धरला. डोंगल निवांत असताना आकडा ४.८ च्या आसपास होता, मात्र नकाशा सरकवू लागताच तो ४.५८ वर घसरला. पायची धोक्याची रेषा ४.६३ व्होल्टची आहे. केबल कापून पाहिली, तर वीज नेणाऱ्या लाल वायरीत केसासारख्या मोजक्याच तारा निघाल्या. २८ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. एक मीटर जाणे आणि एक मीटर येणे धरले तर एका अँपियरला ०.४ व्होल्टहून अधिक वाटेतच खर्च होतात. ही केबल ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली होती, त्याने वेष्टनावर ‘फास्ट चार्जिंग’ असे ठसठशीत छापले आहे. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेजचे नाव घेऊन वायर मागितली की निदान दुकानदार ती सोलून तरी दाखवतो.

परंतु केबल जाड घेऊन प्रश्न पुरता मिटत नाही, कारण यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपियरच द्यावेत असा नियम आहे आणि पाय फोरची भूक त्याहून मोठी आहे. म्हणून वीज आणि डेटा वेगळे करायचे ठरवले. फ्यूज बॉक्समधल्या अ‍ॅक्सेसरीच्या (चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या) जागी वीज घेण्यासाठी फ्यूज टॅप बसवला, तेथून एलएम२५९६ चा, बाराचे पाच व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर घेतला, त्याच्या आधी व्होल्टेजचे झटके शोषणारा एसएमबीजे२४ए हा टीव्हीएस डायोड टाकला आणि पाच व्होल्ट थेट पिनांवर दिले. हेड युनिटकडून येणाऱ्या केबलची लाल वायर मात्र कापून टाकली. अन्यथा आपले पाच व्होल्ट उलटे हेड युनिटच्या पोर्टात घुसतात. कॉन्फिगमध्ये पोर्टला कायम पेरिफेरल मोड (जोडलेल्या उपकरणाची भूमिका) लावून दिल्यामुळे लाल वायर नसतानाही हेड युनिट डोंगलला बिनतक्रार ओळखते. पुन्हा तोच घाट, तीच गाणी, आणि मीटरवर ५.०६. ती अंडरव्होल्टेजची ओळ लॉगमधून नाहीशी झालेली पाहणे हे या महिन्यातले सर्वांत मोठे सुख होते.

आता नवे विघ्न. सेल्फ मारताना इग्निशन स्विच अ‍ॅक्सेसरीची लाइन क्षणभर तोडतो, त्यामुळे चावी फिरवल्यावर अर्धवट सुरू झालेला डोंगल मध्येच मरतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. कायम चालू असलेल्या फ्यूजवरून वीज घ्यावी, हा सल्ला मला मान्य नाही. डोंगलने बारा व्होल्टवर पाव अँपियर जरी ओढला, तरी आठवड्यात ४२ अँपियर-तास होतात, आणि माझ्या गाडीची बॅटरी ३५ ची आहे. गावाहून परतल्यावर धक्का मारण्याची हौस मला नाही.

त्यामुळे पाच व्होल्टच्या बाजूला क्षणभराची वीज साठवणारे १० फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर एकसर (एकामागे एक) जोडायचा बेत होता. हिशेबाने ते दोन सेकंद एक अँपियर देताना ०.४ व्होल्ट खाली येतात, म्हणजे ५.१ वरून ४.७ वर, जेमतेम रेषेच्या वर. हे लिहीत असतानाच ध्यानात येते आहे की कपॅसिटर कन्व्हर्टरच्या अलीकडे, बारा व्होल्टच्या बाजूला लावणे कितीतरी सोयीचे ठरेल. तेथे व्होल्टेज १२ वरून ७ पर्यंत घसरले तरी कन्व्हर्टर पाच व्होल्ट सोडत नाही, आणि लागणाऱ्या साधारण १२ जूलसाठी पाव फॅरड पुरतो. म्हणजे २.७ व्होल्टचे, दीड फॅरडचे सहा नग एकसर, त्यांच्यात व्होल्टेज समान वाटणारे बॅलन्सिंगचे रेझिस्टर, आणि मागे डायोड व चार्जिंगचा रेझिस्टर. हे कपॅसिटर बहुधा ६५ अंशांपर्यंतच चालतात, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डऐवजी त्यांची पेटी सीटखाली बसवावी लागेल.

मात्र त्याआधी पाय फोरच काढून रास्पबेरी पायचेच थ्री ए प्लस हे मॉडेल बसवून पाहावा, असे आता वाटू लागले आहे. त्यालाही पाच गिगाहर्ट्झ आहे, वीज बरीच कमी लागते आणि त्याचे एकमेव यूएसबी पोर्ट गॅजेट मोडमध्येही (म्हणजे उपकरणाच्या भूमिकेतही) चालते. फक्त दोन्ही टोकांना ए प्रकारची पिन असलेली केबल लागते, आणि लाल वायर तिचीही कापायची आहे. वीस गेजची वायर आणि दोन कनेक्टर शनिवारी आणतो. पाय फोर व थ्री ए प्लस यांनी सेल्फच्या वेळी खरोखर किती वीज ओढली, ते मोजून पुढच्या नोंदीत आकड्यांसह देईन. कोणाकडे थ्री ए प्लसचे मोजलेले आकडे आधीच असतील, तर कृपया केबलच्या गेजसह कळवावेत.