हत्रा : पाणी भरपूर घेऊन जा

मोसुलहून पहाटे निघताना चालकाने सर्वात आधी गाडीत पाण्याची दोन खोकी चढवली. चौघांना एवढं कशाला, असं वाटलं होतं. परतताना एकही बाटली उरली नव्हती. हत्राला, म्हणजे उत्तर इराकमधल्या प्राचीन शहराचे अवशेष पाहायला (अरबीत अल-हद्र), जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच. अंतर जेमतेम ११० किलोमीटर, पण वाटेत तपासनाके आहेत. पासपोर्टच्या चार-पाच प्रती जवळ ठेवा, परवानगीचं आधीच पाहा आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका.

तिथे उभं राहिलं की हे शहर का टिकलं ते तहानेनेच कळतं. चहूकडे उजाड माळ, आत विहिरी. इ.स. ११७ च्या सुमारास रोमन सम्राट ट्रेजन इथे वेढा घालून बसला. इतिहासकार कॅसियस डियो लिहितो : पाणी थोडं आणि तेही वाईट, ना लाकूड ना चारा, अन्नावर माशांचे थवे. ट्रेजन हात हलवत परतला. पुढे सेप्टिमियस सेव्हेरस या रोमन सम्राटाने दोनदा प्रयत्न केला. तटावरून पेटता नाफ्था, म्हणजे ज्वालाग्राही खनिज तेल, ओतून त्याची यंत्रं जाळली गेली. एकदा तर तटाला भगदाडही पडलं, पण शहर शरण येईल या आशेने त्याने सैन्य थांबवलं आणि रात्रीतून लोकांनी भिंत पुन्हा उभी केली! अखेर २४०-४१ मध्ये हत्रा पडलं ते इराणच्या ससानी साम्राज्याच्या फौजांपुढे.

सुमारे सहा किलोमीटरच्या गोलाकार तटाच्या मधोमध देवळांचं आवार आहे. सूर्यदेव शमाश इथला मुख्य देव. एक बाजू पूर्ण उघडी असलेली कमानदार दालनं, म्हणजे ईवान, पूर्वेला तोंड करून आहेत. म्हणून सकाळी लवकर पोहोचा, दगडावरचे चेहरे तेव्हाच नीट दिसतात. शेजारी ग्रीक धाटणीचे खांब, भिंतींवर अरामी अक्षरं : व्यापारी काफिल्यांसोबत काय काय आलं, ते तासन्‌तास बघत राहावं.

२०१५ मध्ये आयसिसने यातले चेहरे घणांनी आणि गोळ्यांनी फोडले. ते पाहताना आम्ही कोणीच बोललो नाही. २०१७ मध्ये शहर त्यांच्या ताब्यातून सुटलं, मग इराकी आणि इटालियन तज्ज्ञांनी ढिगाऱ्यातले तुकडे शोधून पुन्हा जोडले. जवळ गेलात तर सांधे दिसतील.

नोव्हेंबर ते मार्च हाच काळ धरा. सावली जवळपास नाही. मळलेली वाट सोडू नका, न फुटलेल्या स्फोटकांचा धोका असू शकतो. आणि निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचाच.