फॅटच्या जागी एसएनएफ

मंगळवार, रात्री साडेअकरा

सापडलं एकदाचं. तीन आठवडे दूध बिलाची स्क्रिप्ट एखाद्या रात्री नीट चालायची, तर एखाद्या रात्री गाईच्या दुधाच्या ओळीमागून ओळीवर ‘दर सापडला नाही’ म्हणायची. पुन्हा चालवली की कधी सरळ, कधी तेच. डेटा तोच, क्वेरी तीच.

जुन्या सर्व्हरवर, सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली आणि पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची ५.१६ आवृत्ती यांवर, हीच स्क्रिप्ट वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. नव्या मशीनवर पर्ल ५.२६ आहे. मी डेटाबेसचा ड्रायव्हर तपासला, कनेक्शन तपासलं, पर्लवर मात्र संशयच घेतला नाही. २०१३ च्या ५.१८ पासून हॅशमधल्या (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्यातल्या) कीजचा, म्हणजे नावांचा, क्रम दर वेळी वेगळा येतो. मुद्दाम निवडलेल्या कीज पाठवून कुणी सर्व्हर अडकवू नये म्हणून केलेली ती सोय. डेटाबेसमधून आकडे मागणाऱ्या आमच्या सिलेक्टमध्ये फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ही नावं एका हॅशमधून येत होती, आलेला कॉलम कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या बाईंड_कॉलम्सकडे दुसऱ्याच हॅशमधून. डीबीआय, म्हणजे पर्लचं डेटाबेसशी बोलणारं मॉड्यूल, कॉलम किती आहेत ते मोजतं. कुठला कुठे बसला ते बघत नाही. दोन्ही क्रम जुळले तर बिल बरोबर. नाहीतर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचं दूध थेट ८.५ फॅट, ३.५ एसएनएफचं होऊन बसायचं, आणि दरपत्रकात असा दर नसायचाच.

पर्ल_हॅश_सीडला, म्हणजे हा क्रम ठरवणाऱ्या सेटिंगला, ठराविक आकडा दिला आणि चूक हवी तेव्हा घडवता आली. तेव्हा कुठे खात्री पटली. आता नावं एकाच अ‍ॅरेत, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या यादीत, आहेत, सिलेक्ट आणि बाईंड दोन्ही त्यातूनच. बदल चार ओळींचा.

पण झोप येत नाहीये ती म्हशीच्या दुधामुळे. ८.८ फॅट आणि ९.१ एसएनएफ यांची अदलाबदल झाली तरी दोन्ही आकडे दरपत्रकात बसतात. अशा ओळींवर एररच आली नाही. आम्ही दर वेळी फक्त अडकलेल्या ओळी पुन्हा चालवल्या. या गुपचूप पुढे गेल्या. एका ओळीत लिटरमागे फरक थोडाच, पण घरात त्या दहा दिवसांच्या बिलावर किराणा आणि पेंड ठरते. कुणाला कमी गेले असतील, कुणाला जास्त. सभासद पावती बघतो, आमचा लॉग नाही.

उद्या सकाळी आधी तीन आठवड्यांच्या म्हशीच्या सगळ्या ओळी मूळ नोंदींशी ताडून बघायच्या. ज्यांचे कमी गेले त्यांची यादी दुपारपर्यंत सचिवांच्या हातात द्यायची.