शिलेदार की बारगीर

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

काल दुपारी कराराचा मसुदा आला आणि त्यातले सातवे कलम वाचताना मला चक्क हायसे वाटले. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. कलम तसे साधेच आहे: घोडा आजारपणामुळे किंवा लंगडेपणामुळे सलग तीस दिवस स्वारीस अयोग्य राहिला, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन तो मालकाच्या ताब्यात परत देण्याची मुभा घेणाऱ्यास राहील. कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरे वाचण्यात जिची तीस वर्षे गेली, तिला या वाक्यात काही नवे दिसायला नको होते. बाहेर पडायला वाट नसलेल्या कागदावर सही करू नये, हे मी स्वतः किती जणांना समोर बसवून सांगितले असेल. तरीही मसुदा टेबलावर ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की, पहिली सहा कलमे मी श्वास धरून वाचली होती आणि सातव्याला तो सोडला होता.

हायसे कशाने वाटले ते कळले असते, तर आज ही वही उघडली नसती.

हिशेब सरळ आहे आणि गेल्या आठवड्यात तो मी तीनदा मांडला. तो घोडा, चंदन, विकत घ्यायचा तर मालकांनी १,७५,००० रुपये सांगितले आहेत. वर्षाच्या कराराने भाड्याने घ्यायचा तर महिन्याला ६,०००. पागेचे भाडे, खुराक, घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराच्या पगारातला वाटा आणि नालबंद मिळून होणारे महिन्याचे २२,००० दोन्हीकडे मलाच भरायचे आहेत. म्हणजे भाडे भरत राहिले तर सुमारे एकोणतीस महिन्यांत घोड्याची किंमत भरून होते आणि घोडा तरीही दुसऱ्याचाच राहतो. समोर कोणी गिऱ्हाईक असते, तर विकतच घ्या, असे मी डोळे मिटून सांगितले असते. पण त्याच कागदाच्या खालच्या ओळीत असेही दिसते की, नुसत्या सांभाळात घोडा आठ महिन्यांत स्वतःच्या किमतीइतके खाऊन मोकळा होतो, आणि म्हणून या सगळ्या व्यवहारात किंमत हीच सर्वांत किरकोळ रक्कम आहे. रोजचा नऊ-दहा किलो चारा, त्यावर ओट, जव आणि कोंडा, तीस-चाळीस लिटर पाणी, दर पाच-सहा आठवड्यांनी नाल; घोडा कामाला असो वा नुसता ठाणावर उभा असो, यातला एक रुपया कमी होत नाही.

उरला वयाचा हिशेब. चंदन नऊ वर्षांचा आहे. चांगला सांभाळ मिळालेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो आणि पुष्कळदा त्याच्याही पुढे जातो. स्वारी मात्र त्याच्या किती तरी आधी सुटते. मी सत्तावन्न वर्षांची आहे. चंदन सव्वीसचा होईल तेव्हा मी चौऱ्याहत्तरची असेन, आणि त्याआधीची सहा-सात वर्षे तो नुसता उभा राहून खात असेल, औषधे घेत असेल आणि कोणीतरी रोज सकाळी त्याच्याकडे जाणे आवश्यक असेल. इथवर आल्यावर मी वही मिटली होती. आक्कांच्या खोलीतला दिवा तेव्हा चालूच होता.

अनुपला रविवारी सांगितले तर तो म्हणाला, "आई, भाड्यानेच घे ना. हे विकतचं श्राद्ध कशाला? नाही जमलं तर परत." त्याचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते आणि मी ते तसेच ऐकून घेतले. मात्र 'परत' हा शब्द त्याच्या तोंडी इतक्या सहज आला की मला पुढे बोलणे सुचेना. तो स्वतः परत केव्हा येणार आहे, हे काही मी विचारले नाही.

सकाळी पागेतल्या मामांना मसुद्याची गोष्ट सांगितली. चंदनचे रेसकोर्सच्या काळातले सगळे कागद आहेत, त्याच्या अंगात मायक्रोचिप आहे आणि त्याची जन्मतारीख छापील मिळते. तरीही मामांनी त्याचा वरचा ओठ बोटांनी उचलून मला पुन्हा एकदा दात दाखवलेच. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून एक तपकिरी रेघ उतरू लागते ती दहाव्या वर्षाच्या सुमाराला, पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते आणि विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला पोचते. चंदनच्या दातावर ती अजून नाही. ओला, पिवळसर, गवताच्या हिरव्या डागांचा तो दात मी वाकून पाहत होते आणि चंदन माझ्या कानात उष्ण श्वास सोडत उभा होता. मामा म्हणाले, "ताई, रेघ उतरायच्या आत ठरवा. नंतर घोडा आपलं वय बघतो आणि आपण त्याचं."

मामांच्या मते भाड्याचा घोडा वरातीला. दत्तजयंती जवळ आली आहे, तेव्हा सारंगखेड्याच्या यात्रेला एकदा चला, असा त्यांचा आग्रह दरवर्षीप्रमाणे सुरू झाला आहे. तापीच्या काठी मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या रांगा लागतात. माणसे घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे तपासतात, गळ्यावर देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का ते बघतात, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी दिसला की त्याच्याभोवती गर्दी करतात. तिथे वर्षभरासाठी घोडा न्यावा आणि लंगडला तर आणून द्यावा, असे कोणी बोलले तर लोक हसतील, असे मामा म्हणाले. मी त्यांना सातव्या कलमाबद्दल सांगितले नव्हते. त्यांनी लंगडण्याचाच दाखला का दिला, हे मला दिवसभर कळले नाही. आता वाटते की गेल्या आठवड्यात डॉक्टर आले तेव्हा मामाही तिथेच होते. डॉक्टरांनी चंदनचा पुढचा डावा पाय मुडपून मिनिटभर धरला, मग सोडून त्याला लगेच दुडक्या चालीने पळवले, आणि पहिली चार-पाच पावले त्याने आखडत टाकली. खुराच्या वरच्या सांध्यात शर्यतींच्या दिवसांतली जुनी दुखापत आहे. डॉक्टरांचे मत असे की, तो दहा वर्षे कुरबुर करणार नाही किंवा पुढच्या पावसाळ्यातच बसेल. सांधा ओळखतो, भविष्य ओळखत नाही.

म्हणजे इथेच माझे घोडे पेंड खाते. निरोगी घोड्याच्या बाबतीत ते कलम नुसती शाई असते. चंदनच्या बाबतीत ते उद्या वापरावे लागेल असे कलम आहे.

आता जे लिहायचे टाळत होते ते लिहून टाकते. श्रावणात चंदनला पोटशूळ झाला, त्या रात्रीबद्दल मी इथे दोन ओळींपलीकडे काही लिहिलेले नाही. संध्याकाळी तो पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पुन्हा पुन्हा पाहू लागला आणि मग घामाने भिजून लोळण घेऊ पाहू लागला. घोड्याला उलटी होत नाही. पोटात जे अडकते ते पुढेच सरकावे लागते, नाहीतर घोडा जातो. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिले, कुशीला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकला आणि अधूनमधून चालवत राहा, लोळू देऊ नका, असे सांगितले. मामा आणि मी आळीपाळीने दोर धरून त्याला रिंगणात फिरवत होतो. भुरभुर पाऊस होता. मालक फोनवर होते. खर्चाचे, दवाखान्यात हलवण्याचे, काय करायचे आणि काय नाही याचे सगळे प्रश्न डॉक्टर त्यांना विचारत होते, आणि मी दोर धरून बाजूला उभी होते. अकरा वाजता मामा म्हणाले, "ताई, तुम्ही जा आता, घरी आक्का एकट्या असतील." मी गेले. आक्का एकट्याच होत्या, हे खरे आहे. पण गाडी सुरू करताना माझ्या मनात पहिला विचार आक्कांचा नव्हता. घोडा आपला नाही, हा होता. आणि तेव्हाही मला असेच हायसे वाटले होते. मी घरी येऊन गरम पाण्याने हातपाय धुतले आणि झोपले, आणि मला झोप लागलीसुद्धा. पहाटे साडेचारला चंदनने लीद टाकली. मामांनी मला तिचा फोटो पाठवला होता. तो मी सात वाजता उठल्यावर पाहिला.

शाळेत शिकवलेले शिलेदार आणि बारगीर आज आठवले ते यामुळेच. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांचा भर बारगिरांवर होता, आणि पागेची व्यवस्था अशी होती की, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्या पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरवायला एक पखालजी आणि नाल ठोकायला एक नालबंद नेमलेला असे. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा पडला तर त्याची पुंजीच गेली. शाळेत असताना मला शिलेदार थोर वाटे, कारण त्याचे घोड्याशी काही नाते असणार. बारगीर म्हणजे नुसता स्वार. आता वाटते, शिलेदार रणात घोडा वाचवून लढला असेल तर तेही नात्यापेक्षा भाकरीच्या काळजीने असेल, आणि कोणा बारगिराने सरकारी घोड्यापाशी रात्रभर उभे राहून त्याच्या कुशीला कान लावला असेल, तर त्याची नोंद ठेवायचे कोणाला काही कारण नव्हते. ही सगळी बारगिराची वकिली मी कोणासाठी करते आहे, ते उघडच आहे. रात्री अकराला घरी गेलेल्या बारगिराला ती लागू पडत नाही.

मघाशी तर याहून खाली घसरले होते. जेवणानंतर भांडी विसळताना मनात आले की, जगात प्रत्येकाजवळ माझ्यासाठी एकेक सातवे कलम तयार असणार. मी तीस दिवस उपयोगाची राहिले नाही तर मला कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे कोणी कुठे लिहून ठेवले असेल काय? डोळे भरून आले. पातेले हातात तसेच धरून मी बराच वेळ उभी राहिले. मग ओट्याच्या खालच्या कप्प्यात झाकण ठेवायला वाकले आणि उजवा गुडघा असा कडकन वाजला की आतून आक्कांनी "काय पडलं गं?" म्हणून विचारले. मला हसूच फुटले. घोड्याच्या सांध्याची जुनी दुखापत मिनिटभर मुडपून तपासली जाते. माझा पाय कोणी असा मिनिटभर धरला, तर दुडक्या चालीचे सोडाच, मला उठवायला दोन माणसे लागतील. स्वारीस अयोग्य होण्याची शक्यता दोघांपैकी कोणाची अधिक आहे, हे निःपक्षपाती माणसाला विचारले, तर सातवे कलम चंदनने मागून घ्यायला हवे होते. पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन त्याने मला आक्कांच्या ताब्यात परत द्यावे.

हसून झाल्यावर मसुदा पुन्हा काढला. सातवे कलम खोडले नाही. ते मला हवे आहे आणि ते हवे असल्याची लाज वाटून ते खोडणे म्हणजे मालकांसमोर मिरवणे झाले. त्याच्याखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली: अशी सूचना देण्यापूर्वी, ठरलेल्या किमतीतून तोवर भरलेले भाडे वजा करून, घोडा विकत घेण्याचा पहिला हक्क घेणाऱ्यास राहील. म्हणजे चंदन लंगडला तर त्या पंधरा दिवसांत मला परत एकदा ठरवावे लागेल, आणि तेव्हा घोडा माझा नाही, असे म्हणून गाडी सुरू करता येणार नाही. निदान त्याआधी एका कागदावर नाही म्हणून सही करावी लागेल. लंगड्या घोड्यासाठी लाखभर रुपये देण्याचा हक्क आग्रहाने मागणाऱ्या माणसाचा कर्जाचा अर्ज मी नोकरीत असताना दुसऱ्या पानापर्यंतही वाचला नसता. मालक उद्या फोन करणार आहेत. त्यांना काय वाटायचे ते वाटो.

मामांना यातले काय आणि किती सांगायचे, ते उद्या बघेन. त्यांच्या लेखी मी अजून वरातीचाच घोडा घेते आहे.

नालबंद सकाळी सातला यायचा आहे. पुढचा डावा पाय मी धरायचा, असे ठरले आहे. चंदन तो दुसऱ्या कोणाला शांतपणे धरू देत नाही, असे मामा म्हणतात. पण हाच चंदन मला पाहून कधी खिंकाळत नाही, बादलीच्या आवाजाला खिंकाळतो, आणि मामा समोरच्याला बरे वाटावे म्हणूनही पुष्कळ काही बोलतात. साडेपाचचा गजर लावला आहे. आक्कांच्या गोळ्या डबीत काढून ठेवल्या.