घेण्याचं माप

आमच्या मेळाव्याचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. त्यात वारसा आहे, समुदाय आहे, मानसिक स्वास्थ्यही आहे. गावात मात्र त्याला ‘म्हाताऱ्यांची शाळा’ म्हणतात. एसटीतून उतरणाऱ्या आजीबाई कंडक्टरलाही तेच सांगतात, “शाळेकडे थांबव रे.” महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी, संग्रहालयाच्या मागच्या दालनात खुर्च्या गोल मांडायच्या, कपाटातली एक वस्तू बाहेर काढायची आणि हातोहात फिरवायची. वस्तू काय आहे ते मी आधी सांगायचं नाही, एवढा एकच नियम.

संग्रहालय म्हणजे तरी काय, देवगडच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात, वाचनालयाच्या जुन्या कौलारू इमारतीतल्या तीन खोल्या. मी कागदावर संग्रहपाल. प्रत्यक्षात पावत्या फाडते, झाडलोट करते आणि पावसाळाभर वाळवीशी भांडते.

मेळाव्याची कल्पना माझी नव्हे, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंची. त्यांच्या लक्षात आलं होतं की बीपीच्या गोळ्या न्यायला आलेली म्हातारी माणसं गोळ्या घेऊन घरी जात नाहीत. बाकावर बसून राहतात, दुपारची गाडी येईपर्यंत. मुलगे विरार-नालासोपाऱ्याला, घर गणपतीत आणि मे महिन्यात भरणार, एरवी बोलायला गोठ्यातली म्हैस. बाईंनी वाचलं होतं की लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी 2012 पासून आठवणींचा उपक्रम चालवला आहे, आणि कॅनडात माँट्रियलला 2018 पासून डॉक्टर चक्क कलासंग्रहालयात जाण्याची चिठ्ठी लिहून देतात. आमच्याकडे चिठ्ठी कोण घेऊन येणार! बाईंनी सोपा मार्ग काढला. गोळ्या त्या शाळेतच वाटू लागल्या. पहिल्याच महिन्यात खुर्च्या कमी पडल्या.

शिरवाळ्यांचा शेवगा, म्हणजे तांदळाच्या शेवया गाळायचा साचा, काढला तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, नारळाच्या रसाची रेसिपी तीन प्रकारांनी ऐकली. घिरट, म्हणजे भात भरडायचं जातं, काढलं तेव्हा दोघीजणी ओव्या म्हणू लागल्या. आगबोटीच्या दिवशी तर विचारू नका. बंदरातून पडावाने बोटीपर्यंत जाताना कोण किती ओकलं याच्याच कथा निघाल्या, आणि सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. असे दिवस मला सोयीचे असत. कारण ज्यांच्या देणगीवर चहा-नाश्ता चालतो त्यांना दर महिन्याला एक तक्ता पाठवावा लागतो. येताना आणि जाताना प्रत्येकाने चेहऱ्याच्या चित्रावर टिकली चिकटवायची: हसरा, बरा, रडवा. हसऱ्या टिकल्या वाढल्या की देणगी पुढे चालू.

त्या दिवशी मी अधोली काढली. दोन शेरांचं भात मोजायचं माप, फणसाच्या लाकडाचं, वरच्या काठाला पितळेची पट्टी. पाटीवर लिहिलं होतं: ‘अधोली. धान्य मोजण्याचे पारंपरिक माप. खोत घराण्याकडून सप्रेम भेट.’ खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार. भेट देणारे समोरच बसले होते. निवृत्त शिक्षक, ऐंशी ओलांडलेले, निम्म्या गावाला पाढे शिकवलेले. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. प्रात्यक्षिक करता यावं म्हणून मी शेजारून दोन सुपं भात मागून आणलं होतं.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. शेर, पायली, मण, खंडी यांची उजळणी झाली. मण 16 पायल्यांचा की 12 चा यावर वेगळंच भांडण झालं, ते इथे सोडून देते. अधोली फिरत फिरत वरच्या वाडीतल्या काकींकडे आली. काकी बोलक्या आहेत, पण त्या दिवशी त्यांनी माप मांडीवर घेतलं आणि अंगठा काठावरून गोल फिरवत राहिल्या. एकदा, पुन्हा एकदा, उलट्या बाजूने.

“ह्या घेवचा माप,” त्या म्हणाल्या. “देवचा वेगळा होता.”

मी विचारलं, म्हणजे काय?

“काठ बघ गो. वरसून फळी फिरवली तर पितळेक चरे पडतत. ह्येका एक तरी चरो हा?”

मी बघितलं. बाहेरून ओरखडे होते, तळाला ठोकर बसलेली होती, पण वरचा काठ गुळगुळीत होता. काकींचं म्हणणं असं, की खंडाचं, म्हणजे जमीन कसण्याबद्दल कुळाने द्यायचं, भात घेताना खोताचा माणूस अधोली शिगोशीग भरून घ्यायचा. पेरणीच्या वेळी कुळाला बी उसनं द्यायचं तेव्हा दुसरी अधोली निघायची आणि तिच्यावरून फळी फिरायची. (संग्रहपाल म्हणून इथे एक सांगायला हवं: पितळेची पट्टी नंतर बसवलेली असू शकते. तिचे दोन खिळे मला लाकडापेक्षा नवे वाटतात. म्हणजे नुसत्या काठावरून काहीच सिद्ध होत नाही. पण बारा वर्षांची परकरातली मुलगी बापासोबत खोताच्या खळ्यात उभी होती, ती काही काठ वाचून सांगत नव्हती.)

“आमच्याकडे असं नव्हतं,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, तुमी तेव्हा शाळेत होतास. मी खळ्यात होतंय.”

मंडळाचे एक विश्वस्त मागे उभे होते. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि स्वतःच चहाची किटली उचलली. काकींनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, “चाय मगे देवा.” मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी तळवा खाली दाबल्यासारखा केला. बस तशीच.

काकी खुर्चीवरून उठून जमिनीवर बसल्या. सूप जवळ ओढलं. पहिली अधोली भरताना त्या “एक” म्हणाल्या नाहीत, “लाभ” म्हणाल्या. मोजणीची सुरुवात एकाने करायची नसते, हे मला माझ्या आजीमुळे ठाऊक होतं. भरायची त्यांची पद्धत मात्र मी तोवर पाहिली नव्हती. डावा हात कोपरापासून वाकवून त्यांनी मापाच्या काठाभोवती कुंपणासारखा धरला आणि उजव्या हाताने त्या कुंपणात भात ओतत राहिल्या. हात हळूच काढून घेतला तेव्हा भाताचा टोकदार ढीग काठावर तसाच उभा. “ही शीग,” त्या म्हणाल्या. मग उजव्या हाताच्या कडेने वरचा ढीग सुपात ओढून घेतला, आणि अधोली सपाट झाली. ओढलेलं भात वेगळं काढून ठेवलं.

आमच्याकडे पत्र्याचं चिपटंही आहे. कुणीतरी म्हणालं, मोजा की. मोजलं. चिपटं भरून वर मूठभर भात उरलं.

आणि इथे गुरुजींना राहवलं नाही. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. चेहरा उतरलेला होता, तरी बोटं हिशेबाला लागली. “दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली. म्हणजे अधोलीत आठ चिपटी. आठ अधोल्यांमागे एक अधोली वर गेली.” थोडं थांबून, “खंडी वीस मणांची. खंडीला अडीच मण.”

“वरची मूठ धरूक नाय तुमी,” मागून एकजण म्हणाले.

“धरली नाही,” गुरुजी म्हणाले.

मग जे सुरू झालं त्याला मेळावा म्हणता येणार नाही. सगळे एकदम बोलत होते. वेठीला जावं लागायचं ते निघालं. खोताच्या घरी लग्न असलं की लाकडं फोडायला कोणाचे वडील गेले, ते निघालं. अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, भात गेलं की उरलेलं कुठल्या महिन्यापर्यंत पुरायचं यावर एकमत होईना, कोणी शिमगा म्हणे, कोणी त्याच्याही आधी. मग काय खायचे? नाचणी, आणि तीही संपली की कंद. आगबोटीच्या दिवशी सगळ्यांना पोट धरून हसवणारे गिरणी कामगार आजोबा म्हणाले, “चौदाव्या वर्षी मुंबैक गेलंय, ता काय मुंबै बघूक न्हय. घरात खाणारा एक तोंड कमी जावचा म्हणान.” आगबोटीच्या गोष्टीत त्यांनी हे सांगितलंच नव्हतं. आणखी एकजण म्हणाले की त्यांचे वडील मुंबईला कौन्सिल हॉलवर गेलेल्या मोर्चात होते. तो मोर्चा 10 जानेवारी 1938 चा. त्याआधी 17 सप्टेंबर 1937 ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं, आणि तिकडे अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी 1933 पासून जमिनी कसणंच बंद केलं होतं, सहा वर्षं. हे सगळं मी संध्याकाळी वरच्या वाचनालयात बसून ताडून पाहिलं. त्या क्षणी मी फक्त वहीत भराभरा लिहून घेत होते.

गुरुजींनी एकदा बोलायचा प्रयत्न केला. सरकारचा सारा खोतालाच भरावा लागे, पीक बुडालं तरी तो चुकत नसे, आमचे आजोबाही कर्जातच गेले, असं ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. काकी म्हणाल्या, “भरल्यात ता आमच्याच भातातसून.” पण आवाज चढवला नाही. त्यांच्या दोन्ही मुलांना गुरुजींनीच शिकवलेलं. मोठा आज मंत्रालयात आहे आणि गावी आला की आधी गुरुजींच्या पाया पडायला जातो.

कुणीतरी विचारलं, खोती तर 1949 च्या कायद्याने गेली, मग तुम्ही त्यानंतर खंड कसा घालत होता? काकींकडे उत्तर तयार होतं. कागदावर गेली, खळ्यातून नाही. त्यांच्या घरचा खंड थांबला तो कुळकायद्याच्या 1 एप्रिल 1957 नंतर, आणि सातबारावर वडिलांचं नाव चढायला आणखी काही वर्षं गेली. ते चढलं तेव्हा वडील नव्हते.

चहा झाला तेव्हा तो गार होता. कुणी तक्रार केली नाही.

जाताना टिकल्या लावायची वेळ आली. तक्ता मी अजून जपून ठेवला आहे. इतक्या रडव्या टिकल्या आमच्याकडे कधीच लागल्या नव्हत्या. काकींनी रडव्यावर लावली, मग थोडा विचार करून हसऱ्यावरही एक लावली. एकीला एकच टिकली, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, “माका दोन लागतत.” विश्वस्त हवालदिल. असा तक्ता पाठवला तर पुढचे पैसे बंद होतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. देणगीदारांकडून खरंच पत्र आलं: ‘कार्यक्रमाचा विषय निवडताना ज्येष्ठांच्या भावनांची काळजी घ्यावी.’

त्याला उत्तर लिहायला डॉक्टरीणबाई बसल्या. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्येच मांडलं होतं की म्हातारपणी जुनं आठवत बसणं हा बुद्धीचा ऱ्हास नव्हे. माणूस त्या काळात आयुष्याचा हिशेब तपासत असतो आणि न मिटलेल्या गोष्टी वर येतातच. त्यातून कुणाला शांतपणा येतो, कुणाला त्रासही होतो. म्हणून अशा वेळी ऐकणारं माणूस जवळ हवं. बाईंनी हे पत्रात लिहिलं आणि खाली स्वतःच्या हाताने जोडलं की त्या दिवशी मेळावा संपल्यावर रुग्णालयाच्या बाकावर कुणीही जाऊन बसलं नाही. सगळे थेट एसटी स्टँडवर गेले आणि गाडी लागेपर्यंत भांडत होते. माझ्या मते त्या पत्रातलं सर्वात पटणारं वाक्य तेच. पैसे बंद झाले नाहीत. टिकल्यांचा तक्ता मात्र अजून भरावा लागतो.

मला काळजी गुरुजींची होती. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप. मी घरी गेले. माजघरात झोपाळ्यावर बसले होते. गुडघ्याला तेल लावलेलं होतं, तेव्हा निरोप अगदीच खोटा नसावा. मी पाटीबद्दल विचारणारच होते, तोवर त्यांनी वहीचं एक पान पुढे केलं. वळणदार अक्षरात नवी पाटी लिहून ठेवली होती: ‘अधोली. दोन शेरांचे माप. खंडाचे भात घेण्यासाठी. शीग लावून भरल्यास सुमारे एक अष्टमांश अधिक. कुळांच्या आठवणीप्रमाणे शीग लावून घेतले जात असे. देणाऱ्या घराण्यास हे मान्य नाही.’

“शेवटचं वाक्य राहू दे,” ते म्हणाले. “बाकी हिशेब बरोबर आहे.”

पाटी तशीच लावली. एकच बदल केला, ‘सप्रेम भेट’ परत घातलं, कारण ती खरंच प्रेमाने दिलेली आहे. विश्वस्तांना संग्रहालयाच्या पाटीवर वाद लिहिलेला आवडत नाही. मी म्हटलं, वाद आहे तो कुठे लिहू मग? गुरुजी आता परत येतात. काकींच्या शेजारची खुर्ची टाळतात, पण येतात. मधे एकदा काकींनी त्यांच्यासाठी ओल्या काजूची उसळ डब्यातून आणली होती. त्यांनी ती घेतली आणि मिठाला कमी आहे म्हणून सांगितलं.

आता मी सपाट भरायच्या अधोलीच्या शोधात आहे, दोन्ही शेजारी ठेवता याव्यात म्हणून. गुरुजींच्या माळ्यावर ती नाही, आम्ही दोघांनी मिळून शोधली. काकींच्या वाडीत एका घरी जुनी अधोली आहे म्हणतात, काठाला चरे पडलेली. ती खोताकडची की त्यांची स्वतःची हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. ते लोक द्यायला तयार आहेत, पण अट आहे. मे महिन्यात परत हवी. अजून बी त्याच मापाने मोजतात.