तुम्ही विचारलंत म्हणून: गॅरिबाल्डी शिकवताना ब्रॉन्ते कशाला?

एकोणिसाव्या शतकात इटलीतली वेगवेगळी राज्यं मिळून एक देश झाला, त्या एकीकरणावर मी कुठेही बोलले, की नंतर चहाच्या वेळी एक प्रश्न ठरलेला असतो. विचारणारे बदलतात. कधी माजी विद्यार्थी असतात, कधी सहकारी, एकदा तर एका विद्यार्थिनीचे वडील होते. "मॅडम, सगळं इतकं छान सांगितलंत, मग शेवटी ते ब्रॉन्ते कशाला काढलंत? देश एक झाला हे काय वाईट झालं?" ब्रॉन्ते हे सिसिली बेटावरचं एक गाव, याच एकीकरणाच्या धामधुमीत तिथे गॅरिबाल्डीच्या माणसांनी गावकऱ्यांना गोळ्या घातल्या. त्या वडिलांनी पुढे लेखी तक्रारही दिली. मुलांच्या मनातली देशभक्ती मी खच्ची करते, असं तीत म्हटलं होतं. तेव्हा प्राचार्यांसमोर दोन वाक्यांत विषय मिटवला. पण हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या माणसांशी माझं वैर नाही, उलट मी त्यांच्याच गोष्टी ऐकत वाढले. सावरकरांनी लंडनमध्ये, एक इटलीसाठी जन्मभर झटलेल्या मॅझिनीच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर केलं, ते 1907 साली छापलं गेलं आणि सरकारनं त्यावर बंदी आणली. त्याची प्रस्तावना तोंडपाठ असणारी माणसं त्या काळी होती, आणि माझ्या आजोबांना अशा माणसांचा सहवास मिळाला होता. 'अभिनव भारत' हे नाव मॅझिनीच्या 'तरुण इटली' या गुप्त संघटनेवरून घेतलेलं, हे मला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं. मायदेशाच्या सुतकापायी जन्मभर काळे कपडे घालणारा मॅझिनी, तुटपुंज्या बंदुका घेऊन सिसिलीत उतरणारा स्वयंसेवकांचा सेनानी गॅरिबाल्डी, हे आमच्या घरातले वीर होते आणि आजही आहेत. तेव्हा मला देशभक्ती समजत नाही, असं कृपा करून म्हणू नका.

उत्तरेतल्या पिएमाँतचा पंतप्रधान काव्हूर, त्याच्या मदतीला आलेला फ्रान्सचा तिसरा नेपोलियन, सोल्फेरिनोची लढाई हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते. मी धरते ते 1860 सालचे मे ते ऑगस्ट हे चार महिने.

सिसिलीवर तेव्हा नेपल्सच्या बूर्बाँ घराण्याचं राज्य होतं. 11 मे रोजी गॅरिबाल्डी सुमारे हजार माणसं घेऊन तिथल्या मार्साला बंदरात उतरला. महिना संपायच्या आत सिसिलीची राजधानी पालेर्मो त्याच्या हातात आली. हे हजारांच्या बळावर झालं नाही. सिसिलीचा शेतकरी उठला म्हणून झालं. आणि शेतकरी उठला तो 'इटली' या कल्पनेनं भारावून उठला, असं मला कुठल्याही पुराव्यावरून म्हणवत नाही. गॅरिबाल्डीनं त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या. दळणावरचा कर रद्द केला, आणि 2 जूनच्या फर्मानानं सांगितलं की देशासाठी लढणाऱ्याला गावच्या सामायिक जमिनीत वाटा मिळेल. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेतात पाठ मोडली, त्याला नव्या राष्ट्राकडून ऐकू आलेला हा पहिला शब्द होता.

आता ब्रॉन्ते. एटना ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावरचं गाव. इथल्या जमिनीचं भांडण गॅरिबाल्डीच्याही साडेतीनशे वर्षं आधीचं आहे. 1491 साली पोपनं ही जमीन पालेर्मोच्या मोठ्या इस्पितळाच्या नावे केली आणि तेव्हापासून गाव कज्जे लढत आलं. 1799 साली नेपल्सच्या राजानं, आपलं सिंहासन वाचवल्याबद्दल, ही जहागीर इंग्रज दर्यासारंग नेल्सनला देऊन टाकली. म्हणजे एका परक्या माणसाच्या वारसांना गावच्या रानावर हक्क आणि गावकऱ्याला लाकूडफाट्याचीही चोरी. गावात दोन पक्ष पडले होते, एक जहागीरदारांचा आणि एक गावच्या हक्कांसाठी भांडणारा. या दुसऱ्या पक्षाचे पुढारी निकोलो लोम्बार्दो हे वकील होते. बूर्बाँ राजवटीचे विरोधक, उदारमतवादी, नव्या इटलीच्या बाजूचे. गॅरिबाल्डीचं राज्य आलं तेव्हा आता गावचा कारभार आपल्या हाती येईल असं त्यांना वाटलं असेल, तर त्यात गैर काय? पण नव्या कारभारातही खुर्च्यांवर बसली ती जहागिरीच्या बाजूचीच माणसं. जमिनीचं वाटप होईना.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाव भडकलं. जे झालं ते भयंकर होतं आणि ते मी वर्गात कधीही लपवत नाही. सोळाच्या आसपास माणसं मारली गेली. नोटरी कान्नाता त्यांतलाच एक. त्याच्या मरणाची वर्णनं मला मुलांना वाचून दाखवता येत नाहीत. घरं पेटवली, सरकारी दप्तर जाळलं. एकदा वर्गात हे सांगत असताना बारामतीकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या सुप्याला 1875 साली सावकारांची कर्जखतं जाळली होती, तसंच ना?" कागद का जाळतात हे तिला मला समजावून सांगावं लागलं नाही. फरकही तिनंच सांगितला: सुप्याच्या लोकांचा रोख कागदांवर होता, ब्रॉन्तेत माणसं मेली.

गॅरिबाल्डीनं आपला उजवा हात निनो बिक्सिओ याला धाडलं. तो 6 ऑगस्टला पोचला. ब्रॉन्ते हे मानवतेचं अपराधी गाव आहे असं जाहीर करून त्यानं लष्करी अंमल लावला, हत्यारं जमा करायला लावली आणि शांतता होईपर्यंत गावावर तासाला दहा ओन्से (तिथलं नाणं) युद्धकर बसवला. खरे मारेकरी तोवर बरेचसे पळून गेले होते. लोम्बार्दो पळाले नाहीत. ते आपण होऊन बिक्सिओपुढे गेले आणि तिथेच पकडले गेले. ज्या राज्याची वाट पाहिली त्याच्या सेनानीपासून आपल्याला भय नाही, अशी त्यांची समजूत असावी. ही माझी समजूत. त्यांनी तसं लिहून ठेवलेलं नाही.

लष्करी न्यायमंडळानं काही तासांत खटला उरकला. 10 ऑगस्टला सकाळी पाच जणांना गोळ्या घातल्या. लोम्बार्दो, आणि त्यांच्याबरोबर नुन्झिओ नावाचे चौघे. त्या चौघांतला नुन्झिओ चिराल्दो फ्रायुन्को हा गावचा वेडा. बंडाच्या दिवसांत तो डोक्याला तिरंगी रुमाल बांधून, पत्र्याची पिपाणी वाजवत गल्ल्यांतून हिंडला होता. हॅटवाल्या बड्या लोकांनो सांभाळा, न्यायाची घटका जवळ आली, असं ओरडत. तिरंगा म्हणजे इटलीचाच, हिरवा, पांढरा, तांबडा. ज्यांनी त्याला उभं करून गोळी घातली तेही त्याच झेंड्याखाली लढत होते.

इथे मी थांबते, आणि इथेच लोक म्हणतात, "पण मॅडम, युद्ध चालू होतं." हो, चालू होतं. आठवडाभरानं, 18 ऑगस्टच्या रात्री, गॅरिबाल्डी आणि हाच बिक्सिओ समुद्र ओलांडून इटलीच्या मुख्य भूमीकडे, कॅलाब्रियाच्या किनाऱ्याकडे निघाले. पाठीमागे सिसिली पेटलेली ठेवून पुढे जाता आलं नसतं. इंग्रजांची जहागीर लुटली गेली असती तर इंग्लंडची सदिच्छाही गमावली असती, आणि जहागिरीच्या संरक्षणासाठी इंग्रज वकिलातीकडून तगादा होताच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः वर्गात हेच मांडत असे. लहान दुःख मोठ्या कामासाठी सोसावं लागतं, असं अगदी ठासून सांगत असे. त्या तरुण बाईशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, कारण तिचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. तू बिक्सिओच्या जागी असतीस तर काय केलं असतंस, असं ती विचारते. खटला नीट चालवला असता, असं मी म्हणते. तेवढे दिवस होते का, असं ती विचारते. वेड्याला तरी सोडलं असतं, असं मी म्हणते. त्यावर ती गप्प बसते. पण तिच्या गप्प बसण्यानं माझं म्हणणं सिद्ध होत नाही, हेही मला कळतं. खुद्द बिक्सिओनं या कामगिरीला शापित म्हटलं होतं. तो राक्षस नव्हता, आणि म्हणूनच हा प्रसंग मला सोडवत नाही.

मला पटत नाही ते यापुढचं. 21 ऑक्टोबरला, एक इटली हवी की नको यावर सार्वमत झालं. सिसिलीत 'हो' म्हणणारे 4,32,053 आणि 'नाही' म्हणणारे 667. 'हो'ची पेटी वेगळी, 'नाही'ची वेगळी, आणि सगळ्यांदेखत मत टाकायचं. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा लोकेच्छेचा पुरावा म्हणून येतो. मी विचारते, ऑगस्टमध्ये गावच्या वकिलाला गोळ्या घातलेल्या पाहिल्यावर ऑक्टोबरमध्ये 'नाही'च्या पेटीकडे कोण जाईल? बहुसंख्यांना एक इटली नकोच होती, असा माझा दावा मुळीच नाही. कदाचित हवीच होती. पण या आकड्यावरून ते कळत नाही एवढंच मी म्हणते, आणि तेवढ्यानंच लोक माझ्यावर चिडतात.

पुढे काय झालं हे पाहिलं तर माझी बाजू मला बळकट वाटते. 17 मार्च 1861 ला इटलीचं राज्य जाहीर झालं. मताचा हक्क शंभरातल्या जेमतेम दोघांना. 1863 च्या कायद्यानं दक्षिणेच्या मुख्य भूमीवर लष्करी न्यायालयं बसली. दळणावरचा कर, जो गॅरिबाल्डीनं रद्द केला होता, 1869 पासून पुन्हा लागू झाला. ब्रॉन्तेची जहागीर नेल्सनच्या वारसांकडेच राहिली. त्यांच्या मानियाचेच्या वाड्याचा ताबा गावाच्या नगरपालिकेकडे आला तो 1981 साली. गॅरिबाल्डीलाही हे राज्य लाभलं नाही. त्याचं जन्मगाव नीस फ्रान्सला देऊन टाकलं गेलं, आणि 1862 साली आस्प्रोमॉन्तेला इटलीच्याच सैन्याची गोळी त्याच्या पायात बसली.

"पण मॅझिनीला हेच हवं होतं ना?" नाही, हे नको होतं. त्याला प्रजासत्ताक हवं होतं. 1860 च्या शरदात तो नेपल्सला आला तेव्हा, तुमच्या असण्यानं फूट पडते, तेव्हा निघून जा, असं त्याला लेखी कळवण्यात आलं. 1866 साली सिसिलीतल्या मेसिनाच्या मतदारांनी त्याला निवडून दिलं, संसदेनं ती निवड रद्द केली. त्याच्यावरची फाशीची शिक्षा तेव्हाही कायम होती. 1872 साली पिसात तो मेला तो ब्राऊन हे नाव घेऊन राहत असताना, आपल्याच देशात लपून. हे सांगताना मला वाटायचं की निदान मॅझिनी तरी माझ्या बाजूचा आहे. पण तसंही नाही. आधी एकी, प्रजासत्ताकाचं मग बघू, हे 1860 साली त्यानंही मान्य केलं होतं. म्हणजे लोम्बार्दोंना थांबा म्हणणाऱ्यांत तोही येतो. त्याच्या आड मला उभं राहता येत नाही.

एकी नसती तर सिसिलीच्या शेतकऱ्याचं भलं झालं असतं का, हे मी सांगू शकत नाही. बूर्बाँ राजानंच ती जहागीर नेल्सनला दिली होती, हे मी विसरलेले नाही. इटली एक झाली याचा मला आजही आनंद आहे आणि तो धडा मी आजही मनापासून शिकवते. पण मार्साला सांगायचं आणि ब्रॉन्ते गाळायचं, हे माझ्याकडून होणार नाही. ज्याला जमीन देतो म्हणून उठवलं, त्याची गोष्ट पालेर्मो जिंकल्यावर संपत नाही. तेव्हा पुढच्या वेळी बोलावणार असाल तर वेळ थोडा जास्त ठेवा, पण "मॅडम, तेवढं गाळा" असं मला सांगू नका.